मोटारीचें कौल

इंग्रजी भाषेंत ‘काउल’ असा एक शब्द आहे. ख्रिस्ती मठांतील साधु डोकें झांकण्यासाठीं जें टोपडें घेतात त्याचें तें नांव. पुढें धुराड्याच्या टोपीपासून मोटारीच्या एका भागापर्यंत तो शब्द पसरत गेला. आपल्या मराठींतील ‘कौल’ या शब्दाशीं त्याचें कांहींएक नातें नाहीं. घरावर घातलेलें कौल, देवानें दिलेला कौल, राजानें रयतेला लिहून दिलेला कौल, इतके प्रकार आपल्याकडे आहेत. त्यांत मोटारीचें कौल आजवर नव्हतें. परंतु तो इंग्रजी शब्द प्रथम आमच्या कानीं पडला तेव्हां आमच्या डोळ्यांपुढें कोंकणांतलें कौलारू घरच उभें राहिलें. आणि सारा प्रकार नीट समजून घेतल्यावर असें दिसून आलें कीं, शब्दांची सोयरीक नसली तरी कामाची आहे. दोहोंची गांठ पावसाच्या पाण्याशीं, आणि दोहोंचा घात करणारा शत्रुहि एकच, तो म्हणजे झाडाचा पाचोळा.

हें काउल असतें कोठें, हें आधीं सांगितलें पाहिजे. मोटारीचें बॉनेट मागें जेथें संपतें आणि पुढची कांच जेथें सुरू होते, त्या दोहोंमधली जी आडवी पट्टी तें काउल. कांच पुसणाऱ्या वायपरचे दांडे तिच्यांतूनच वर आलेले असतात. या पट्टीवर बारीक फटी पाडलेल्या असतात. पुष्कळ गृहस्थ वर्षानुवर्षें गाडी चालवितात, पण त्या फटी कशासाठीं, हा प्रश्न त्यांना पडत नाहीं. फटी हवेसाठीं असतात. गाडी वेगानें निघाली कीं वारा बॉनेटवरून घसरत मागें येतो आणि उभ्या कांचेच्या पायथ्याशीं अडतो. वाहत्या ओढ्याचें पाणी दगडापुढें जसें किंचित् फुगतें, तशी तेथें हवा दाटते व तिचा दाब वाढतो. दाब अधिक असेल तेथें छिद्र ठेविलें म्हणजे पंखा नसतांहि ताजी हवा आपोआप आंत शिरते. म्हणून मोटारी बांधणाऱ्यांनीं हवेचें द्वार येथें ठेविलें. शर्यतीच्या गाड्यांच्या एंजिनालाहि याच जागेची हवा पाजण्याची युक्ति अमेरिकेंत रूढ आहे. मात्र जेथून वारा येतो तेथून पाऊसहि येणारच, आणि पावसामागून झाडाचें जें जें गळतें तें सारें येणार.

आम्हांला ज्या गाडीच्या काउलाचा परिचय घडला ती ‘मस्टँग’ नांवाची अमेरिकन गाडी आहे. आमचे चिरंजीव न्यू जर्सी संस्थानांतील एडिसन या गांवीं नोकरीनिमित्त राहतात, आणि आम्ही उभयतां एक वर्षाआड कांहीं महिने तेथें जाऊन राहतों. विजेच्या दिव्यामुळें ज्याचें नांव घरोघर झालें त्या एडिसनची मेन्लो पार्क येथील प्रयोगशाळा याच गांवच्या हद्दींत होती. गांवानें त्याचें नांव १९५४ सालीं घेतलें. आतां तेथील ओक ट्री रोडवरून चालूं लागलें तर साड्यांचीं दुकानें, सोनारांच्या पेढ्या आणि मिठाईचीं दुकानें लागतात, मराठी बोलणेंहि कानावर येतें, आणि आपण परदेशीं आहोंत याची आठवण मुद्दाम करावी लागते.

मस्टँग ही फोर्ड कंपनीची गाडी. १७ एप्रिल १९६४ रोजीं न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनांत ती लोकांपुढें आली. किंमत २,३६८ डॉलरपासून पुढें, म्हणजे त्या देशांतील नोकरदार तरुणाला झेपेल अशी. पहिल्या वर्षांतच चार लक्षांवर गाड्या खपल्या आणि मार्च १९६६ पर्यंत दहा लक्षांचा आंकडा पुरा झाला. इतकी देखणी गाडी इतक्या स्वस्तांत देतां आली याचें कारण तिचा तळ नव्यानें घडविलेला नव्हता. फोर्डच्याच ‘फाल्कन’ या साध्या घरगुती गाडीचा तळ घेऊन त्यावर हा साज चढविला होता. चिरंजिवांनीं घेतलेली गाडी १९६६ सालची, सहा सिलिंडरांची. तिच्या क्रमांकांतील आरंभींचा ६ हा आंकडा वर्ष सांगतो, पुढचें ‘टी’ हें अक्षर कारखाना सांगतें, आणि त्यापुढील ०७ यावरून ती टणक छपराची आहे हें कळतें. पाणिनीच्या अनुबंधांप्रमाणें एकेक अक्षर अर्थ वाहून नेणारें आहे हें पाहून आम्हांला फार मौज वाटली. ‘टी’ म्हणजे मेटचनचा कारखाना. आणि मेटचन हें नांव असलें तरी तो कारखाना होता एडिसनच्याच हद्दींत. १९४८ पासून २००४ पर्यंत तो चालला. म्हणजे ही गाडी साठ वर्षें फिरून माहेरींच आली म्हणावयाची.

आतां तिचें काउल आंतून कसें आहे तें पाहूं. वाचकांनीं एक लांबट परात डोळ्यांपुढें आणावी. परातीच्या तळाला डावीकडे एक व उजवीकडे एक अशीं दोन वाटोळीं भोंकें पाडावीं, आणि प्रत्येक भोंकाभोंवतीं लोट्याच्या गळ्यासारखा पत्र्याचा उभा काठ बसवावा. मग त्या परातीवर फटी असलेलें झांकण ठेवून तें कडेनें कायमचें सांधून टाकावें. झालें काउल. वरच्या फटींतून आलेली हवा त्या गळ्यांवरून आंत उतरते. उजव्या गळ्यांतून हीटरकडे जाते आणि डाव्यांतून चालकाच्या पायांशीं असलेल्या झरोक्याकडे. (तेथें चालक डावीकडे बसतो हें ध्यानांत असावें.) फटींतून पाणी आलें तर तें परातींत पडतें, गळ्यांच्या उंचीमुळें गाडींत उतरूं शकत नाहीं, दोन्ही टोकांकडे वाहतें, तेथून गाडीच्या बाजूच्या दुहेरी पत्र्यांमधून खालीं उतरून पुढच्या मडगार्डांच्या मागच्या अंगानें जमिनीवर पडतें. पावसाला ‘येऊं नको’ असें न म्हणतां ‘ये, आणि या वाटेनें जा’ असें म्हणणारी ही रचना आहे. कोंकणांत दोन छपरांच्या मध्यें पन्हळ घालतात त्यांतलें तत्त्व हेंच, आणि मृगाच्या आधीं गडी वर चढवून पन्हळींतला पाचोळा कां काढवितात हें तिकडच्या पोरालाहि ठाऊक असतें.

कागदावर ही योजना चोख आहे, यांत शंका नाहीं. परंतु तिच्यांत दोन उणिवा राहून गेल्या, आणि त्या कशा राहिल्या याचें आम्हांला नवल वाटतें. एक तर परातीवरचें झांकण सांधलेलें असल्यामुळें वरून हात आंत जात नाहीं. पन्हळीला जसा गडी चढतो तसा येथें कोणी चढूं शकत नाहीं. दुसरें असें कीं, बाहेरून गाडीला चकचकीत रंग दिला, पण या बंद पोकळीच्या आंत रंगाचा धड हात पोंचलाच नाहीं. जी जागा सदैव ओली व्हावयाची तीच उघडी राहिली. नवी गाडी चार-सहा वर्षांनीं बदलणाऱ्या लोकांसाठीं ही बांधणी होती. साठ वर्षांनीं कोणी नातवंडांसह तींत बसेल हें त्यांच्या गणितांत नसावें.

पानांविषयींहि थोडें लिहिणें अवश्य आहे. अमेरिकेच्या त्या पूर्व भागांत आक्टोबर-नोव्हेंबरांत पानगळ होते आणि ती पाहावयास लोक मुद्दाम प्रवास करतात. न्यू जर्सीनें तर तांबडा ओक हाच आपला राज्यवृक्ष ठरविला आहे. मोठें अखंड पान फटींतून आंत जात नाहीं. तें वर पडून भिजतें, सुकतें, त्याचा चुरा होतो, आणि मग चुरा निमूटपणें खालीं उतरतो. मेपलच्या बीजाला पंख असतो. तें भिरभिरत येऊन फटींत अलगद उभें शिरतें. पाइनच्या सुया तर जणूं फटीच्या मापानेंच केलेल्या. वसंतांत ओकला लोंबते तुरे येतात. ते गळून आंत पडले म्हणजे सुतगुंड्यासारखा गुंता होतो आणि तो बाकीच्या चुऱ्याला बांधून ठेवतो. शिवाय त्या देशांत पाऊस आपल्यासारखा चार महिन्यांचा नाहीं, बाराही महिने थोडाथोडा पडतो. हिवाळ्यांत बर्फ वितळून झिरपतें, आणि बर्फासाठीं रस्त्यावर टाकलेलें मीठ पुढच्या गाडीच्या तुषारांबरोबर कांचेपर्यंत येतें. नुसत्या पाण्यानें पत्रा जितका नासत नाहीं तितका तो ओल्या पाचोळ्यानें नासतो. पाणी येतें आणि जातें. ओला पाचोळा मात्र पोटिसासारखा दिवसेंदिवस अंगाला चिकटून राहतो. गळा जेथें परातीला सांधलेला असतो त्या वाटोळ्या खांचेंत हा पाचोळा साचतो आणि गंज नेमका तेथेंच धरतो. गंजाचा स्वभाव असा कीं, तो मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो आणि स्पंजासारखा ओल धरून ठेवतो. म्हणजे एकदां आरंभ झाला कीं पुढचें काम पानांवांचूनहि चालतें.

आमच्या घरीं हा विषय निघाला तो वासावरून. ही गाडी पूर्वीच्या मालकाच्या अंगणांत एका प्रचंड ओकखालीं कित्येक वर्षें उभी होती. घेतल्यापासून तींत पाऊल ठेविलें कीं बंद तळघराचा कुबट दर्प येई, आणि पाऊस पडून गेला कीं पायांखालचा गालिचा ओला. एका कारखानदारानें कांचेभोंवतींचें रबर जुनें झालें असें सांगून तें बदललें आणि त्याचे भरपूर पैसे घेतले. महिन्याभरांत गालिचा पुन्हां ओला. तेव्हां सूनबाईंनीं साफ सांगितलें, “गाडी विका नाहीं तर नीट करा, पण तोंवर त्यांत मुलाला बसवायचं नाहीं.” त्यांचें म्हणणें रास्त होतें. मस्टँगला जुन्या गाड्यांसारखी वेगळी चौकट नाहीं. पत्र्याचें अंग हीच तिची चौकट. बैठकींचे आणि पट्ट्यांचे बोल्ट ज्या तळाला आवळलेले असतात तोच तळ गालिच्याखालीं भिजत होता. म्हणजे प्रश्न नुसत्या वासाचा उरला नव्हता.

खऱ्या शोधाला सुरुवातहि सूनबाईंनींच केली. त्यांनीं गालिचा काढून टाकून सगळ्या तळावर वर्तमानपत्राचे कागद अंथरले आणि गाडी पावसांत उभी ठेवली. दारांखालचे कागद कोरडे राहिले, मागचेहि कोरडे. भिजले ते दोन्ही बाजूंना अगदीं पुढचे. त्यावरून दारें आणि छप्पर निर्दोष ठरलीं; उरले दोन संशयित, कांच आणि काउल. यांचा निवाडा करण्यास एक सोपी रीत आहे. कांच व तिचें रबर प्लॅस्टिकच्या कापडानें झांकून कडा चिकटपट्टीनें बंद कराव्या आणि पाणी केवळ काउलाच्या फटींत ओतावें. आंत पाणी आलें तर कांचेचा त्यांत दोष नाहीं हें उघड झालें. ही पांच मिनिटांची परीक्षा त्या कारखानदारानें केली असती तर रबराचे पैसे वांचले असते.

आम्हीं ओतण्यापूर्वीं पाणी मोजून घेतलें. उजवीकडे चार लिटर ओतलें आणि बाहेर चाकामागें घमेलें ठेविलें. त्यांत जेमतेम लिटरभर आलें, तेंहि काळें. नातू डॅशबोर्डखालीं उताणा निजून विजेरी धरून बसला होता. तो ओरडला, “आजोबा, इकडून धार लागलीय!” डावीकडे हाच प्रकार. चिरंजिवांनीं तत्काळ निष्कर्ष काढला कीं दोन्ही गळे गंजून गेले. परंतु येथें थोडा विचार करावा लागतो, आणि या सर्व प्रकरणांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. परातींत पाचोळा भरून बाहेरची वाट तुंबली असेल तर पाणी साचत साचत गळ्याच्या काठावरून आंत सांडतें. गळा धडधाकट असला तरी सांडतें. मोरी तुंबली म्हणजे न्हाणीघराचें पाणी उंबरा ओलांडून माजघरांत येतें, तेवढ्यावरून कोणी उंबरा फुटला असें म्हणत नाहीं. सफाईच्या आधींची गळती कांहींच सिद्ध करीत नाहीं. सफाईनंतर जी गळती उरेल तीच खरी. म्हणून आधीं स्वच्छ करावें, मग पुन्हां मोजावें, आणि मगच कोणाला पैसे द्यावे.

सफाईचें काम दोघांनीं मिळून करण्याजोगें आहे. पहिला नियम हा कीं, आरंभ पाण्यानें करूं नये. चुरा कोरडा असतांनाच निघतो. वरून नळी सोडली तर तो सगळा वाहून दोन्ही टोकांच्या अरुंद वाटांत जाऊन घट्ट बसतो, आणि मग तेथून काढणें कठीण. आम्हीं गाडी चार दिवस गॅरेजमध्यें कोरडी होऊं दिली. नंतर व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला बोटाएवढी बारीक लवचिक नळी चिकटपट्टीनें जोडून ती एकेका फटींतून आंत सोडली. वरून पोंचत नाहीं तें आंतून काढावें लागतें. डावीकडचा हवेचा झरोका थोडे स्क्रू काढले कीं खालीं येतो, आणि त्या गळ्यांतून हात वर घालून परातीच्या तळावर फिरवितां येतो. हातांत जाड मोजे हवे, कारण पत्र्याच्या कडा वस्तऱ्यासारख्या असतात. डोळ्यांवर चष्मा हवा, कारण उताण्या माणसाच्या डोळ्यांत गंजाचा चुरा पडणें ठरलेलेंच. उजवीकडे हीटरची पेटी आहे. ती काढावयाची तर गरम पाण्याच्या नळ्या सोडवाव्या लागतात. ज्याला तें काम ठाऊक नाहीं त्यानें उजवी बाजू वरून नळीनेंच जितकी होईल तितकी करावी.

निघालें काय? दोन मोठीं पातेलीं भरून माल निघाला. वरच्या थरांत ओळखूं येणारीं पानें, ओकच्या बोंडांचीं टरफलें आणि मेपलचे पंख. त्याखालीं उंदरानें केलेलें कापसाचें घर. आणि तळाशीं पूर्ण कुजून झालेली काळीभोर माती, जिच्यांत तुळस लावली असती तर ती जोमानें वाढली असती. सूनबाईंनीं ती खरोखरच कुंडींत टाकण्याचा विचार केला, पण डाव्या बाजूच्या मातींत तपकिरी पत्र्याचे पापुद्रे चमकले आणि तो बेत राहिला. त्या पापुद्र्यांनीं डाव्या गळ्याचा कौल तेव्हांच दिला होता.

यानंतर टोकांकडच्या वाटा. मडगार्डाच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांत, आंतल्या बाजूनें, चिखल आणि पानें यांचा लगदा थापून बसलेला असतो. चाकामागचें आंतलें पत्र्याचें झांकण काढल्यावर तो दिसतो; लांकडी काडीनें उकरून काढावा, लोखंडी हत्यारानें नव्हे. या गाड्यांचीं मडगार्डें नेमकीं त्या कोपऱ्यांत सडतात, आणि बाहेरून रंगाचा फुगा दिसेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाहीं. वाटा मोकळ्या झाल्यावर मग पाणी. तेंहि तांब्यानें किंवा नळीच्या मंद धारेनें, फटींच्या मध्यभागापासून दोन्ही बाजूंकडे. गाड्या धुण्याचे जोरदार फवारे येथें वर्ज्य समजावे. ते पाणी गळ्यांवरून उडवून थेट हीटरच्या पंख्यावर टाकतात.

पुन्हां मोजणी केली. उजवीकडे चार लिटर ओतले, पावणेचार घमेल्यांत आले, तळावर थेंबहि नाहीं. म्हणजे उजवा गळा शाबूत. इतके दिवस तो नुसता सांडत होता. डावीकडे पाणी बाहेर भरपूर आलें, परंतु आंत थेंब पडत राहिले. नातवानें घड्याळ लावून मिनिटाला किती थेंब पडतात तें मोजलें आणि वहींत टिपून ठेविलें. गळ्याच्या बुडाशीं गंजानें चाळण केली होती.

अशा चाळणीवर तीन उपाय लोक करतात. पहिला, वरून डांबर किंवा रबरासारखें कांहीं ओतून भोंकें बुजविणें. हा उपाय आम्हांला मुळींच पसंत नाहीं. गंजावर चढविलेल्या लेपाखालीं ओल कोंडून राहते आणि पत्रा डोळ्यांआड कुजत जातो. शिवाय तो लेप सरकून टोकांच्या वाटा बुजवितो तें निराळेंच. दुसरा उपाय, गळ्यावर प्लॅस्टिकचें टोपण बसवून तो बंद करणें. डाव्या बाजूला तो तात्पुरता चालतो, कारण त्यानें चालकाच्या पायांशींची वाऱ्याची झुळूक तेवढी जाते. उजव्या बाजूला मात्र हीटरची हवाच तुटते. तिसरा उपाय खरा, आणि महागडा. बॉनेट उतरवावें लागतें, दोन्ही मडगार्डें काढावीं लागतात, पुढची कांच काढावी लागते, आणि मग काउलाचें वरचें झांकण ज्या स्पॉट वेल्डिंगच्या ठिपक्यांनीं सांधलेलें आहे ते शंभरांहून अधिक ठिपके एकेक करून ड्रिलनें सोडवावे लागतात. खालची परात बदलावयाची, सांधे भरावयाचे, आंतून एपॉक्सीचा रंग द्यावयाचा आणि सगळें पुन्हां जसेंच्या तसें जोडावयाचें. या गाडीचे प्रेमी इतके आहेत कीं, हे पत्रे आजहि नव्यानें तयार करून विकले जातात. तेव्हां माल मिळतो, जड होते ती मजुरी. तिचा आंकडा ऐकून चिरंजीव दोन दिवस अबोल होते. दरवर्षीं अर्ध्या दिवसाच्या सफाईनें जें टळलें असतें त्याचा हिशेब महिन्यांत आणि हजारांत मांडावा लागत होता.

तळाची परीक्षा राहिली होती. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनें सगळीकडे ठोकून पाहिलें. निरोगी पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. मडकें घेतांना आपण करतों तीच पारख. उजवीकडचा तळ खणखणीत होता. डावीकडे चालकाच्या टांचेखालीं तळहाताएवढी जागा बद्द वाजली; बैठकीच्या बोल्टांपासून ती दूर होती हें सुदैव. सूनबाईंनीं तोडगा सांगितला: डाव्या गळ्यावर टोपण बसवून चिरंजिवांनीं एकट्यानें गाडी चालवावी, हिवाळ्यांत काउल उघडून पक्कें काम करून घ्यावें, आणि तोंवर मूल घरच्या दुसऱ्या गाडींतून जाईल. तसेंच झालें. दुसऱ्या एका कारागिरानें तें काम जानेवारींत हातीं घेऊन एप्रिलांत पुरें केलें. झांकण उघडल्यावर घेतलेलें छायाचित्र चिरंजिवांनीं आम्हांला पाठविलें. उजवीकडचा गळा निव्वळ साचलेल्या मातीनें मळलेला, डावीकडचा बोट लावतांच तुटणारा; आणि दोहोंच्या मध्यें साठ वर्षांत रंग न पाहिलेला पत्रा. झांकण परत सांधण्यापूर्वीं फटींच्या खालून बारीक पोलादी जाळी बसविण्यास आम्हीं कळविलें होतें. जाळी असली म्हणजे चुरा वरच अडतो, आणि मग ब्रशानें झाडतां येतो.

येथवर वाचून ज्यांच्या दारांत मस्टँग नाहीं, म्हणजे जवळजवळ सर्वच वाचक, त्यांनीं हा विषय आपला नव्हे असें मानूं नये. पुण्यामुंबईच्या रस्त्यांवर आज ज्या गाड्या आहेत त्यांनाहि कांचेच्या पायथ्याशीं हीच पन्हळ आहे. वर प्लॅस्टिकची जाळी, कडेला पाणी जाण्याच्या वाटा, पुष्कळ गाड्यांत त्या वाटांच्या तोंडाला रबराच्या ओठांसारख्या पट्ट्या. आपल्याकडचा शत्रु ओक नव्हे. चिंच आणि गुलमोहर. त्यांचीं पर्णदळें इतकीं बारीक कीं जाळी असून नसल्यासारखी. वातानुकूलनाची हवा मंदावली, पहिल्या पावसांत पायांखालची चटई ओली झाली किंवा कुबट वास सुटला, तर कारखान्यांत जाण्यापूर्वीं बॉनेट उघडून दोन्ही कोपरे बोटांनीं चांचपावे, सांपडेल तो पाचोळा कोरडाच उचलावा, रबराचे ओठ चिमटींत धरून उघडावे आणि तांब्याभर पाणी ओतून तें खालीं जमिनीवर येतें कीं नाहीं तें पाहावें. बहुतेक गाड्यांत हवा गाळण्याची एक कागदी चाळणीहि असते. ती काढून झटकली तरी किती पानें पडतात हें पाहण्यासारखें आहे. हें सर्व मृग लागण्यापूर्वीं करावें.

एडिसनच्या गाडीसाठीं मात्र वर्षांत दोन वेळा ठरविल्या आहेत. पहिली मे महिन्याच्या अखेरीस, ओकचे तुरे गळून संपल्यावर. दुसरी डिसेंबरांत, कारण ओक हा चिवट वृक्ष आहे, मेपल नोव्हेंबरांत मोकळा झाला तरी कांहीं ओक निम्मीं पानें हिवाळ्यांत धरून ठेवतात आणि सावकाश सोडतात. प्रत्येक वेळीं दोन्ही बाजूंना चार-चार लिटर पाणी मोजून ओतावयाचें आणि घमेल्यांत किती आलें तें वहींत लिहावयाचें. वही नातवाकडे आहे.